कितले गेले?

आपल्याकडे कुणी इस्पितळातून घरी आले की वाड्यावरची चार माणसे बघायला येतात. हातात शहाळी असतात, नाहीतर बिस्किटांचा पुडा. पहिला प्रश्न "आता कसे आहे?" हा, तो आजाऱ्याला. दुसरा प्रश्न त्याच्या कानावर जाणार नाही अशा बेताने बाहेर सोप्यावर विचारला जातो : "कितले गेले?" कशाचे, कुठे, हे कुणी विचारत नाही. सांगणाराही आढेवेढे न घेता आकडा सांगतो. मग थोडा वेळ कुणीच बोलत नाही आणि शेवटी एखादा वडीलधारा म्हणतो, "जाऊ दे, माणूस हाताला लागला ना!" (घरात आम्ही कोकणी बोलतो आणि लिहितो मराठीत. त्यावरून वाद नको, तो आपण पुष्कळ घालून झाला आहे.)

या प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तरच नाही असे एक घर माझ्या माहितीत आहे. ते माझ्या धाकट्या बहिणीचे. आम्ही तिला बाय म्हणतो. बाय आणि तिचा नवरा २००८ साली इंग्लंडात स्विंडनला गेली. कशी गेली हे गोव्याच्या वाचकांना सांगायला नको. आमच्या बाबांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला, त्यामुळे लिस्बनला जन्मनोंद झाली, तिच्या हातात पोर्तुगीज पासपोर्ट आला आणि युरोपची नागरिक म्हणून ती सरळ इंग्लंडच्या वेअरहाउसमध्ये खोकी भरायला उभी राहिली. डिचोलीतून बी.कॉम. झालेली मुलगी! पण तो विषय वेगळा. स्विंडनात आता गोवेकर इतके आहेत की उकड्या तांदळासाठी वणवण करावी लागत नाही.

गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने दोन गोष्टी केल्या. बँकेत खाते उघडले आणि जवळच्या जीपीकडे नाव घातले. जीपी म्हणजे आपला पूर्वीचा घरचा डॉक्टर. भाड्याच्या खोलीचा पत्ता दिला, एक फॉर्म भरला, झाले. पगार किती, कर भरला का, विमा आहे का, काही विचारले नाही. तिकडची नॅशनल हेल्थ सर्व्हिस, एनएचएस, माणसाला आत घेते ती तो त्या देशात कायदेशीरपणे कायमचा राहतो म्हणून. नोकरी सुटली तरी हक्क सुटत नाही.

या जीपीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळ्या यंत्रणेचा उंबरठा तोच आहे. जीपी बहुधा सरकारी नोकर नसतो, हे आपल्याकडे सांगितले तर कुणाला खरे वाटत नाही. चार-सहा डॉक्टर भागीदारीत दवाखाना चालवतात आणि एनएचएसशी करार करतात. मुख्य पैसे मिळतात ते यादीवर किती माणसे आहेत त्यावर. त्यात वय, आजारपण वगैरे बघून माणशी वजन कमीजास्त धरतात. बाय वर्षात एकदाही दवाखान्यात गेली नाही तरी तिच्या नावाचे पैसे त्यांना मिळतात, दहा वेळा गेली तरी साधारण तेवढेच. म्हणजे उगाच इंजेक्शन टोचण्यात, सलाइन लावण्यात किंवा "चार दिवसांनी परत या" म्हणण्यात डॉक्टरचा काडीचा फायदा नाही. आपल्या बाजारपेठेतल्या दवाखान्यात रांगेत बसून हा विचार मी अनेकदा केला आहे. उलट बाजूही आहे. माणूस आलाच नाही तर डॉक्टरचे काही बिघडत नाही, म्हणून आत शिरणेच कठीण. सकाळी आठ वाजता सगळे गाव एकाच वेळी दवाखान्याला फोन लावते. बाय म्हणते, तो फोन लागणे म्हणजे गणपतीच्या दिवसांत कोकण रेल्वेचे तिकीट मिळणे!

आणि मोठ्या डॉक्टरकडे थेट जाता येत नाही. जीपीने चिठ्ठी दिली तरच पुढचे दार उघडते. आपल्याकडे पोट दुखले की माणूस स्वतःच ठरवतो की आपल्याला सर्जन पाहिजे, आणि सर्जनच्या बाकावर जाऊन बसतो. तिकडे तो निर्णय जीपीचा. यंत्रणेचा खर्च आटोक्यात राहतो त्याचे एक मोठे कारण हे आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये रात्रपाळी करून आलेल्या भावोजींना पहाटे छातीत कळ आली. बायने ९९९ फिरवला. रुग्णवाहिका आली, तिच्यातच कार्डिओग्राम काढला आणि गाडी जवळच्या विभागाकडे न जाता थेट अँजिओप्लास्टीच्या खोलीकडे गेली. दुपारपर्यंत स्टेंट बसला होता. चौथ्या दिवशी माणूस घरी. पुढे कित्येक आठवडे त्यांना व्यायामाच्या वर्गाला बोलावत होते. आहार काय घ्यायचा, जिना किती चढायचा, सगळे शिकवत होते.

इकडे आईने देव पाण्यात घातले होते. भावोजी घरी आल्याचा फोन आला तेव्हा तिने आधी सगळी विचारपूस केली आणि मग अर्थातच विचारले, "आनी कितले गेले?"

"पार्किंगाचे गेले गो आई," बाय म्हणाली.

आईला वाटले पोर थट्टा करते आहे. पण ते खरे होते. इंग्लंडच्या पुष्कळ इस्पितळांत गाडी लावायला पैसे पडतात आणि चार दिवसांत शेजाऱ्याच्या गाडीचे ते बरेच झाले होते. रुग्णवाहिका, स्टेंट, खाट, जेवण, डॉक्टर यांचे बिल नाही. कमी बिल नव्हे, बिलच नाही. तसला कागदच कुणी तयार करत नाही. नंतरच्या गोळ्यांना मात्र इंग्लंडात दर नगाला शुल्क आहे. मे २०२४ पासून ते ९.९० पाउंड झाले. ज्याला खूप गोळ्या लागतात त्याच्यासाठी बसच्या पासासारखा वर्षाचा पास असतो. साठी उलटलेल्यांना आणि मुलांना तेही माफ, त्यामुळे दहातली नऊ औषधे फुकटच जातात. वेल्स, उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंडने हे शुल्क अनुक्रमे २००७, २०१० आणि २०११ मध्ये काढूनच टाकले.

आईला हे पटायला वेळ लागला, कारण आमच्या घराने दुसरेच काही बघितले होते. बाबांची बायपास १९९८ साली झाली. तेव्हा गोव्यातून माणसे बायपासला बाहेर जात. आम्ही त्यांना मुंबईच्या एका खासगी इस्पितळात नेले. दाखल करण्याआधी खिडकीवर डिपॉझिट भरायचे होते. काच, काचेला भोक, पलीकडे पावती फाडणारा माणूस. बाबा व्हरांड्यातल्या बाकावर छातीला हात लावून बसले होते आणि मी त्या भोकातून नोटा आत सारत होतो. चांगली शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांना दोष नाही. बाबा त्यानंतर अकरा वर्षे जगले. सगळे मिळून पावणेदोन लाख गेले, आणि त्यासाठी नदीकाठचे माडांचे भाट विकले. खाणीवर चार ट्रक लावलेल्या एका शेजाऱ्याने ते घेतले. माणूस भला. पाडप झाली की पहिल्या वर्षी दोन डझन नारळ घरी पाठवून देत असे. बाबा ते नारळ फोडू देत नसत. म्हणत, "हे परक्याचे नारळ."

बाबांना आयुष्यभर टोचत राहिले ते हे की आपल्या हृदयासाठी मुलांचे भाट गेले. आजारापेक्षा ते दुखणे मोठे होते. भावोजींच्या वाट्याला असले काहीच आले नाही. त्यांना हार्ट अॅटॅक आला, आणि फक्त हार्ट अॅटॅकच आला.

आता पैसे कुठून येतात? फुकट काहीच नसते हे डिचोलीच्या बाजारात उभे राहणाऱ्याला कुणी शिकवायला नको. बायची पे-स्लिप मी बघितली आहे. ठरावीक रकमेच्या वरच्या पगारावर २० टक्के प्राप्तिकर, शिवाय नॅशनल इन्शुरन्स म्हणून वेगळी कपात. दुकानातल्या पुष्कळ वस्तूंवर २० टक्के व्हॅट. या सगळ्याची एकच मोठी थैली होते आणि तिच्यातून सरकार दरवर्षी एनएचएसला वाटा देते. तिकडे पुष्कळांची समजूत असते की नॅशनल इन्शुरन्सची कपात म्हणजेच आरोग्याचा हप्ता. तसे नाही. साधारण चार पंचमांश पैसा सर्वसाधारण करांतून येतो, उरलेला बहुतेक नॅशनल इन्शुरन्समधून, आणि औषधांचे, दातांचे वगैरे शुल्क जेमतेम एक-दोन टक्के. एकट्या इंग्लंडचा आरोग्यखात्याचा खर्च वर्षाला १८० अब्ज पाउंडांच्या वर गेला आहे.

म्हणजे भावोजींनी पैसे दिलेच, पण ते अंग ठणठणीत असताना, अकरा वर्षे, दर महिन्याला थोडे थोडे दिले. छातीत कळ आली त्या पहाटे त्यांच्याकडे कुणी काही मागितले नाही. बाबांनी दिले ते व्हरांड्यातल्या बाकावर बसून, एकरकमी. मला या दोन्हींतला फरक रकमेपेक्षा वेळेचा वाटतो.

गंमत म्हणजे ही कल्पना ज्या गावांत वाढली त्यांतले एक गाव स्विंडनच आहे. तिथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मोठा कारखाना होता. १८४७ मध्ये तिथल्या कामगारांची मेडिकल फंड सोसायटी निघाली. दर आठवड्याच्या पगारातून थोडे पैसे कापायचे आणि त्या बदल्यात कामगाराला व त्याच्या बायकामुलांना डॉक्टर आणि औषध. पुढे त्यांनी स्वतःचे छोटे इस्पितळ काढले, आणि मिल्टन रोडवर औषधालय व पोहण्याचे तलाव बांधले. ती लाल विटांची इमारत मी बघून आलो. रेल्वेचा कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. त्याच्या काही शेडमध्ये आता ब्रँडेड कपड्यांची दुकाने आहेत आणि तिथे आपल्या गोव्याच्या मुली काउंटरवर भेटतात.

ॲन्युरिन बेव्हनने एनएचएस उभारली तेव्हा हाच नमुना देशभर पसरवला असे स्विंडनवाले छाती फुगवून सांगतात. वेल्समधले ट्रेडेगरवाले म्हणतात, छे, नमुना आमचा! कारण बेव्हन ट्रेडेगरचा, आणि तिथल्या खाण कामगारांचीही अशीच सोसायटी होती. आपल्याकडे दोन गावांत देवाच्या मूळस्थानावरून चालते त्यातलाच हा प्रकार. बेव्हन स्वतः लहानपणीच खाणीत उतरला होता आणि त्याचे वडील खाणीच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन वारले. आम्हा डिचोलीकरांना हे वाचताना जरा वेगळे वाटते. आमच्या अंगणातल्या तुळशीच्या पानांवर अनेक वर्षे लाल धूळ बसत होती.

५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली. युद्धाने देश कफल्लक झालेला, रेशनिंग चालू. त्याआधी काही महिने डॉक्टरांच्या संघटनेने मतदान घेतले तर दहातले नऊ डॉक्टर विरोधात. बेव्हनने अडीच हजारांहून अधिक इस्पितळे राष्ट्राच्या मालकीची केली, पण बड्या डॉक्टरांना खासगी रुग्ण बघायची मुभा ठेवली. त्यांची तोंडे आपण सोन्याने बंद केली, असे तो नंतर म्हणाल्याचे सांगतात. आणि सुरू झाल्यावर तीन वर्षांत पहिला खटका उडाला तो पैशांवरूनच. १९५१ मध्ये सरकारने कवळ्या आणि चष्म्यांना शुल्क लावले, बेव्हनने राजीनामा दिला. तेव्हापासून आजतागायत त्या देशात एकही निवडणूक अशी गेली नसेल की एनएचएसला पैसे किती द्यायचे यावर भांडण झाले नाही. मला हे भांडण निरोगी वाटते. आपल्या निवडणुकांत रस्ते असतात, नोकऱ्या असतात, कॅसिनो असतात. बांबोळीला किती परिचारिका कमी आहेत यावर मत मागायला आलेला उमेदवार मी तरी बघितला नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी स्वर्गाचे वर्णन करतो आहे. तर आता बायचा गुडघा.

वेअरहाउसच्या सिमेंटच्या जमिनीवर चौदा वर्षे उभे राहून तिचा उजवा गुडघा गेला. जीपीने आधी गोळ्या दिल्या, मग फिजिओथेरपी, मग एक्स-रे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिचे नाव गुडघा बदलण्याच्या यादीत चढले. नियमाप्रमाणे जीपीची चिठ्ठी गेल्यापासून अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हायला हवेत. शंभरातल्या ९२ जणांच्या बाबतीत हे पाळायचे असे ठरलेले, पण २०१६ नंतर ते कधी जमलेले नाही. त्यात कोविड आला. मी सप्टेंबर २०२३ मध्ये तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा इंग्लंडच्या यादीने ७७ लाखांचा आकडा ओलांडला होता. पुढे तो थोडा उतरला.

तेव्हा बाय जिना बसून उतरत होती. बसून, म्हणजे एकेका पायरीवर टेकत, लहान मूल उतरते तसे. पन्नाशीही न गाठलेली बाई. वेअरहाउसने तिला बसून करायचे पॅकिंगचे काम दिले होते, ते तास कमी, म्हणून पगार कमी. एकदा तारीख मिळाली तर ज्युनियर डॉक्टरांचा संप आला आणि ती पुढे गेली. बायला त्यांचा राग नव्हता. "त्यांनाही परवडत नाही रे दादा," ती म्हणाली. त्याच्या आदल्या डिसेंबरात परिचारिकाही संपावर गेल्या होत्या. त्यांच्या संघटनेच्या शंभरावर वर्षांच्या इतिहासात असा देशव्यापी संप तोवर झाला नव्हता.

पैसे नसतात तिथे रांग असते. हे एनएचएसचे दुसरे नाणे, आणि तिथले लोक बिलाऐवजी ते मोजतात. रांग कुणाची पुढे, कुणाची मागे हे दुखण्यावरून ठरते. भावोजींचे हृदय त्याच दिवशी दुरुस्त झाले, बायचा गुडघा थांबला. औषधांचेही असेच. नाइस नावाची संस्था १९९९ पासून हिशेब करते की अमुक नव्या औषधाने माणसाला चांगल्या आयुष्याचे किती दिवस मिळतात आणि त्याला किती पैसे पडतात. एका चांगल्या वर्षाला २० ते ३० हजार पाउंड ही मर्यादा तिने पुष्कळ वर्षे धरली होती. त्याच्या वर गेले की औषध सहसा नामंजूर. ऐकायला क्रूर वाटते. पण आमच्या घरातही १९९८ मध्ये तोच हिशेब झाला होता. फक्त भाट किती मोठे यावर तो ठरला.

मी तिच्याकडे असताना रोज रात्री आमची एकच चर्चा. तिकडेच खासगीत करायचे तर पंधरा हजार पाउंडांच्या आसपास. ते शक्य नव्हते. मग गोव्याला ये, मी म्हटले. म्हापशाच्या एका खासगी इस्पितळाने मला अडीच लाखांचा अंदाज दिला होता. तिकीट धरून तीन लाख. माझ्याकडे तेवढे होते. भाट विकावे लागणार नव्हते.

ती म्हणाली, "बांबोळीला नाही का होणार? मी गोव्याचीच ना!"

आणि इथे विषय चमत्कारिक झाला. बाय गोव्यात जन्मली, वाढली, शिकली, तिचे नाव अजून घरच्या उताऱ्यावर आहे. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतला त्या दिवशी भारतीय नागरिकत्व गेले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला वर्षाला चार लाखांपर्यंतचे छत्र मिळते, पण त्यासाठी पाच वर्षांचा गोव्यातला रहिवास लागतो. जानेवारी २०१८ पासून गोवा मेडिकल कॉलेजने गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले. तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीच्या लोकांनी केवढे आंदोलन केले ते आपल्याला आठवत असेल. आपली अर्धी सोयरीक तिकडची. माझी सख्खी मावशी दोडामार्गला दिलेली. तिच्या पिढीला बांबोळी हेच इस्पितळ माहीत. रातोरात ती बाहेरची झाली.

आणि स्विंडनात मी बाहेरचा. पाहुणा म्हणून गेलेल्या भारतीयाला तिकडे तातडीच्या विभागात तपासतात ते फुकट, पण खाटेवर झोपवावे लागले तर मूळ दराच्या दीडपट बिल होते. मी प्रवासाचा विमा काढून गेलो होतो. आज गोव्यातून जो नवा मुलगा पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन तिकडे जाईल त्यालाही बायसारखे नुसता पत्ता सांगून आत जाता येणार नाही. २०२० च्या अखेरीपर्यंत जे तिथे होते त्यांचा हक्क राहिला. नंतरच्यांना व्हिसा हवा, आणि व्हिसाबरोबर आरोग्याचा अधिभार. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड आहे, कर कापला जातो तो वेगळाच.

सगळ्यांनी मिळून एका थैलीत पैसे टाकायचे ठरले की सगळे म्हणजे कोण हे आधी ठरवावे लागते. रेल्वेच्या सोसायटीत सगळे म्हणजे कारखान्याचे कामगार. कारखान्याबाहेरचा स्विंडनकर त्यात नव्हता. बेव्हनने कुंपण उचलून देशाच्या सीमेवर नेऊन रोवले. आपल्याकडेही त्याच सुमारास असा विचार झाला होता. सर जोसेफ भोर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले, यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला की पैसे देता येत नाहीत म्हणून कुणीही उपचारांवाचून राहू नये. अहवाल कपाटात राहिला. देशात उपचारांवरच्या एकूण खर्चातले ६४ टक्के २०१३-१४ मध्येही लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ पर्यंत ते ३९ टक्क्यांवर आले. ब्रिटनमध्ये हाच आकडा साधारण सातवा हिस्सा आहे. गोवा तर १९४६ मध्ये भारतातच नव्हता. आणि ज्या पोर्तुगालच्या कागदावर आमची बाय तिकडे गेली, त्या पोर्तुगालने स्वतःची राष्ट्रीय आरोग्यसेवा काढली १९७९ मध्ये, आपण मोकळे झाल्यावर अठरा वर्षांनी.

तरी एक बोलल्याशिवाय राहवत नाही. बांबोळीचे इस्पितळ म्हणजे १८४२ च्या वैद्यकीय शाळेचा वारस. गोव्यासारख्या एवढ्याशा राज्यात ते आहे, हे आपले भाग्य आहे. आपण मात्र "शेवटी बांबोळीला न्यावे लागले" असे म्हणतो. त्या "शेवटी"मध्ये काय ते आले. स्विंडनात बायच्या वॉर्डात तिच्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बँक मॅनेजर होती. तिला जेवण गार आले तर ती पत्र लिहिते, तिच्या पत्राला उत्तर येते, आणि दुसऱ्या दिवशी बायचेही जेवण गरम येते. आपले मॅनेजर, आपले आमदार आणि, स्पष्टच लिहितो, आपले मास्तर आणि लेखकसुद्धा खासगीत जातात. मग बांबोळीच्या गार जेवणाबद्दल पत्र लिहिणार कोण?

बाय गोव्याला आली नाही. "एवढी वर्षे भरले, आता रांग सोडून कुठे जाऊ?" असे तिचे म्हणणे. मला ते हट्टाचे वाटले. आईला तर फारच. मार्च २०२४ मध्ये, सोळा महिन्यांनी, तिचा गुडघा झाला, तोही एका खासगी इस्पितळात, पैसे एनएचएसचे. सेवा विकत घेणारा वेगळा आणि देणारा वेगळा ही व्यवस्था तिकडे १९९० च्या दशकापासून आहे, आणि गुडघे-खुब्यांची बरीच कामे अशी बाहेर जातात. दुसऱ्या दिवशी तिला दोन कुबड्या देऊन घरी पाठवले. काम झाले की कुबड्या परत आणून द्या, असे सांगायला ते विसरले नाहीत.

सहा आठवड्यांनी तिने जिना उभ्याने उतरतानाचा व्हिडिओ पाठवला. आईने तो वाड्यावरच्या सगळ्यांना दाखवला. शेजारच्या काकींनी बघून घेतला, मान हलवली आणि विचारले, "कितले गेले?" आई म्हणाली, "सोळा म्हयने."

कुबड्या बायने अजून परत केलेल्या नाहीत. गेल्या पावसात डावा गुडघा दुखायला लागला आणि आता तोही यादीत आहे.